हवेतलं पाणी

नयननं टाकी उपडी केली आणि पाणी नालीत जायच्या ऐवजी कुणाच्या तरी पायांवर पडलं.

तिनं वर पाहिलं. अंगणातल्या नळाखाली बादली लावून एक उंच, सावळा मुलगा उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका पायात चप्पल, आणि दुसरी चप्पल तिच्या पाण्यासोबत नालीकडे निघालेली. चप्पल धरायला तो धावला नाही. तो तिच्या हातातल्या टाकीकडे पाहत होता.

"हे पाणी कुठचं जी?" त्यानं विचारलं. "इतकं साफ... नळाले तर गढूळ येऊन राह्यलं."

नयन सकाळपासूनच वैतागलेली होती. "हवेतलं," ती म्हणाली आणि वळली.

"हवेतलं—?"

"मशीन हवेतलं पाणी काढते. तुमची चप्पल चालली."

श्रावण लागला होता आणि घाटंजीला अशी झड लागली होती की ऊन शेवटचं कधी पडलं यावर लोक वाद घालत. मिठाला पाणी सुटलं होतं, पापड वातड झाले होते, दोरीवरचे कपडे वाळायच्या आधीच कुबट वास मारायला लागले होते. बाकीच्यांना हा पावसाळ्याचा त्रास होता. नयनच्या मात्र थेट कामावर घाला होता, कारण ती जुने फोटो दुरुस्त करायची. हे काम ती नागपूरला शिकली होती. लोक तिच्याकडे काय काय घेऊन येत — वाळवीनं अर्धा खाल्लेला लग्नाचा फोटो, पानं एकमेकांना चिकटलेला अख्खा अल्बम, काचेला घट्ट बसलेले आजोबा. ते कागद ती हातानं साफ करायची, अलगद सोडवायची, सपाट करायची. या कामाचा वैरी एकच, ओल. मागच्या पावसाळ्यात एका कुटुंबाच्या अल्बमवर तिच्याच कपाटात बुरशी चढली होती आणि तिला त्यांच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागलं होतं. फुलसावंगीहून वडील, सदाशिवराव, तेव्हा फोनवर म्हणाले होते की लोकांचे फोटो आता मोबाईलात असतात, तू हे सडके कागद घेऊन कायले बसली, घरी ये.

ती घरी गेली नाही. तिनं हे यंत्र घेतलं. त्याचं नाव डिह्युमिडिफायर. घरमालकीण तानाबाईंच्या तोंडात ते नाव बसेना, म्हणून त्या त्याला 'हिटर' म्हणत, कारण त्यातून कोमट हवा यायची. नयन खिडक्या बंद करून यंत्र लावायची, आणि तानाबाई येऊन खिडकी उघडायच्या. कोंदट होते बाई, हवा खेळू दे, म्हणायच्या. बाहेरची हवाच ओली आहे, खिडकी उघडी ठेवून हे लावणं म्हणजे अख्ख्या घाटंजीची हवा वाळवायला बसणं, असं नयन समजावून सांगायची. तानाबाई समजल्यासारखी मान हलवायच्या. दुपारी खिडकी पुन्हा उघडी.

आणि आता हा चपलेवाला. तो नवा भाडेकरू होता हे तिला संध्याकाळी कळलं. तानाबाईंच्या घराचे दोन भाग होते. पुढच्या स्लॅबच्या भागात नयन राहायची. मागच्या, टिनाच्या छपराच्या खोलीत हा शाम राठोड आला होता. पांढरकवड्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. बाजार समितीपलीकडच्या एका खासगी गोदामात तूर-चण्याच्या पोत्यांची देखरेख करायची, अशी त्याची नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी ती टाकी घेऊन बाहेर आली, तर तो बादली घेऊन उभाच.

"मी रात्रभर विचार केला," तो म्हणाला. "हवेतून पाणी निघतेच कसं?"

सांगितल्याशिवाय हा बाजूला होणार नाही, हे तिला दिसलं. म्हणून तिनं सांगितलं. फ्रिजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच. यंत्रातला पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती बर्फासारख्या गार नळ्यांवरून जाते, हवेतला ओलावा त्या नळ्यांवर पाणी होऊन साचतो आणि टाकीत ठिबकतो. मग तीच हवा गरम नळ्यांवरून जाऊन कोरडी, जरा कोमट होऊन बाहेर येते. आपण आकडा लावायचा. तिनं पन्नास लावला होता. ओलावा पन्नासावर उतरला की यंत्र आपोआप थांबतं, वाढला की सुरू होतं. टाकी भरली तर लाल दिवा लागतो आणि सगळं बंद.

"म्हणजे त्याले कळते, कुठं थांबायचं ते."

"हो. माणसांपेक्षा बरं."

तो हसला. टोमणा आपल्याला होता हे त्याला कळलं होतं आणि आवडलंही होतं, हे पाहून नयनला जास्तच राग आला. मग त्यानं विचारलं की हे पाणी ती फेकते काहून. नळाच्या पाण्यात क्षार, त्यानं कूलरच्या जाळ्या पांढऱ्या पडतात. आणि टिनाखाली जरा उघडीप झाली की भट्टी होते, कूलरशिवाय बसवत नाही. "मले द्या ना. मी रोज घेऊन जाईन."

टाकी नालीपर्यंत न्यायची खेप वाचेल, एवढाच विचार करून तिनं हो म्हटलं. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दारावर बादली वाजायला लागली. तो पाणी घ्यायचा आणि बदल्यात काहीतरी ठेवून जायचा. कधी भाजलेला भुट्टा, कधी तांड्यावरून याडीनं, म्हणजे त्याच्या आईनं, पाठवलेल्या काकड्या. एकदा तर त्यानं नालीतून वाचलेल्या चपलेला नवा पट्टा लावून आणला आणि दाखवला, जणू तिनं मागितला होता.

"रोज किती निघते पाणी?" एकदा त्यानं विचारलं.

"मोजायला येता का?"

"बोलावलं तर... येईन."

तिनं दार लावलं. लावल्यावर दाराला पाठ टेकून ती उगाच जराशी उभी राहिली, आणि कान गरम झालेत हे लक्षात आल्यावर स्वतःवरच चिडली.

पण तिला चिडायला त्याहून मोठं कारण होतं. यंत्र बिघडलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. आणल्यावर सुरुवातीला त्यानं काय सुरेख काम केलं होतं. आकडा सरसर उतरून पन्नासावर यायचा आणि यंत्र गप्प व्हायचं. आता ते गप्प होतच नव्हतं. आकडा सत्तरच्या खाली यायला तयार नाही. दिवसभर घरघर, टाकी भरतेय, लाल दिवा लागतोय, ती रिकामी करतेय, आणि खोली तशीच दमट. तिनं जाळी काढून धुतली. यंत्र भिंतीपासून दूर सरकवलं. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, तानाबाईंना शपथ घातली. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, मॅडम, खोलीचं दार बंद आहे का? ती म्हणाली, आहे. तो म्हणाला, खिडकी? ती म्हणाली, आहे. तो म्हणाला, मग मॅडम, ओलावा कुठूनतरी येत असेल. नयननं फोन ठेवला नसता तर ती त्याला काहीतरी बोलली असती.

शाम मात्र खूश होता. सगळे म्हणतात पावसाळ्यात कूलर नुसता चिपचिप करते, तो म्हणाला, माहा तर एसीसारखा थंड हवा मारून राह्यला. तुमच्या पाण्यात काहीतरी हाय.

"माझ्या पाण्यात काही नाही," ती म्हणाली. त्याचं बोलणं तिनं तेव्हाच नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण ती त्याच्याकडे पाहत होती. भिजलेल्या केसांतून एक थेंब त्याच्या भुवईवर आला होता, आणि तो पुसत नव्हता...

त्याच सुमारास केळापूरच्या पलीकडच्या एका गावातून मथुराबाई आल्या. सत्तरीच्या, काठी टेकत, एसटीनं, पदराखाली एक लहानशी चौकट धरून. चौकटीत दोन मुली होत्या. एक मथुराबाई स्वतः, दुसरी त्यांची धाकटी बहीण बिजली. जत्रेत काढलेला फोटो. बिजली त्यानंतर लवकरच तापानं गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता, कुठंच. आणि हा काचेला असा चिकटला होता की बिजलीचा चेहरा नाकाखाली नुसता एक चॉकलेटी डाग होऊन बसला होता.

मथुराबाई म्हणाल्या, मले तिचा आवाज आठवते, चालणं आठवते, पण तोंड आता आठवत नाही. तुम्हाले जमलं तर पाहा. नाही जमलं तरी वापस द्या.

नयननं तो फोटो काचेसकट पाण्यात ठेवला, आणि श्वास धरून, अगदी केसाकेसानं सोडवला. तिच्या हातून झालेलं ते सगळ्यात कठीण काम होतं. फोटो सुटला, डागाखालचा चेहराही वर आला. मग तिनं तो टिपकागदांच्या मध्ये वाळत ठेवला. भिजलेला फोटो म्हणजे जखम उघडी असल्यासारखं; तो सावकाश आणि बेतानं वाळायला हवा. फार लवकर वाळला तर आखडतो, तडकतो. ओला राहिला तर बुरशी. म्हणूनच तर तिनं एवढं यंत्र घेतलं होतं.

फोटो वाळला नाही. ती टिपकागद बदलत राहिली, यंत्र घरघरत राहिलं, आणि एका रविवारी तिनं वरचा कागद उचलला तर बिजलीच्या पायापाशी, परकराच्या काठाजवळ, पांढरे बारीक ठिपके उगवले होते.

नयन तशीच खाली बसली. तिला रडूही आलं नाही.

तेवढ्यात तानाबाई उदबत्ती घेऊन आल्या. रविवारी त्या दोन्ही भागांतून उदबत्ती फिरवायच्या. नयनचा चेहरा पाहून त्या दारातच थबकल्या, काय झालं विचारलं, आणि उत्तर येईना म्हणून उदबत्ती हातात धरून उभ्या राहिल्या. नयन धुराकडे बघत होती. धूर सरळ वर गेला नाही. तो वाकला, आणि कपाटाच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे निघाला, जणू कुणीतरी त्याला बोट धरून नेत होतं.

कपाटामागे एक दार होतं. घराचे दोन भाग केले तेव्हा कायमचं बंद केलेलं. त्याच्यावर उजेडासाठी एक जाळी. नयन खुर्चीवर चढली आणि जाळीपाशी हात नेला. हवा जाळीतून पलीकडे ओढली जात होती. खाली उतरून तिनं कपाटाच्या मागे, दाराच्या फटीशी हात धरला. तिथून हवा येत होती. गार, ओली, वाळ्याच्या वासाची. आणि यंत्राच्या घरघरीमागून आता तिला पलीकडचा आवाज वेगळा ऐकू आला. पाण्याच्या पंपाची गुळगुळ.

ती घराला वळसा घालून, पावसात, अनवाणी मागच्या दाराशी गेली.

दार उघडंच होतं. शाम बनियनवर खाटेवर पाय लांब करून पडला होता, छातीवर मोबाईल, चेहऱ्यावर परम सुख. तिला वाटलं होतं कूलर खिडकीत असेल, सगळ्यांचे असतात तसा. पण खिडकीतून पावसाची झड आत येत होती, म्हणून त्यानं तो मधल्या दाराला पाठ लावून उभा केला होता. कूलरची पाठ तिच्या खोलीतली कोरडी हवा जाळीतून ओढत होती, तिच्यात पाणी मिसळत होती, आणि दाराखालच्या फटीतून ती ओली हवा परत तिच्याकडे जात होती. तिच्याच टाकीतलं पाणी.

तो धडपडून उठला आणि शर्ट शोधायला लागला.

"मी दिवसभर हवेतून पाणी काढून राह्यली," नयन म्हणाली. रागात तिची नागपूरला शिकलेली शहरी भाषा गळून पडायची. "आणि तुम्ही तेच पाणी माह्याकडून मागून नेऊन परत हवेत टाकून राह्यले."

शामनं कूलरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. त्याला कळायला क्षणभर लागला. आणि मग तो हसला. त्याला आवरेचना. "म्हणूनच कूलर एवढा... म्हणजे तुमची कोरडी हवा... आपण दोघं मिळून एकच बादली गोल फिरवून—"

तो थांबला. ती हसत नव्हती.

तिनं त्याला मथुराबाईंबद्दल सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. सांगून झालं तेव्हा कूलर बंद होता. तो कधी बंद केला हे तिनं पाहिलंच नव्हतं. टिनावर पाऊस वाजत होता. शाम काहीतरी म्हणायला गेला, पण तिनं हात वर केला आणि ती निघून गेली.

त्या संध्याकाळी पलीकडून ठोकाठोकी ऐकू आली. त्यानं जाळीवर पत्रा मारला, फटीत बारदान्याची वळकटी कोंबली, कडांना चिकटपट्टी लावली. सकाळी टेम्पोत घालून कूलर तांड्यावर पाठवून दिला. नयननं काही सांगितलं नव्हतं. टाकी घेऊन बाहेर यायची, पाणी नालीत ओतायची, आत जायची. तो नळापाशी असला तर नळाकडे पाहायचा.

आकडा उतरायला लागला. पासष्ट. अठ्ठावन. आणि एका दुपारी 'टक्' असा आवाज झाला आणि यंत्र थांबलं. किती तरी दिवसांनी खोलीत शांतता झाली. फोटो वाळत होता, सपाट, बेतानं. नयनला आनंद व्हायला हवा होता. ती त्या शांततेत बसून दारावर बादली वाजायची वाट पाहत होती, आणि बादली वाजत नव्हती, आणि याचा तिला इतका वैताग आला की तिनं नीट असलेलं टेबल पुन्हा आवरायला घेतलं.

शेवटी दार वाजलं. शाम होता. गळ्यावर, कानामागे घामोळ्या उठलेल्या, हातात गोदामातलं ओलावा मोजायचं यंत्र. म्हणाला, तुमचा फोटो यानं मोजून पाहू का. तिनं विचारलं हे कशासाठी असतं. तो म्हणाला, तुरीसाठी. दाणे टाकायचे याच्यात.

"मग काय, फोटो दळून टाकू?"

तो गेला. दुसऱ्या दिवशी डब्यात चुना घेऊन आला, चुना ओल ओढतो म्हणे. तिसऱ्यांदा म्हणाला, गोदामात तूर फार वाळली की फुटते, तुमचा आकडा फार खाली नका नेऊ. नयन म्हणाली की म्हणूनच तर पन्नास लावलाय, तुमच्या येण्याच्या आधीपासून लावलाय. "मंग ठीक," तो म्हणाला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिच्या मनात आलं की याला आत बोलवावं, इथं कोरडं आहे, जरा बसेल. तिच्या तोंडून निघालं, "आणखी काही?"

"हाय," तो म्हणाला. "फोटो द्यायले जाल, तेव्हा मले घेऊन जा. डाग माह्यामुळं पडले. मी सांगतो त्याहिले."

नयननं नको म्हटलं. फोटो तिच्या खोलीत होता, जबाबदारी तिची होती. तो म्हणाला बरं. आणि ज्या दिवशी ती निघाली, त्या दिवशी तो मोटारसायकल पुसत अंगणात उभा होता. एसटी लेट आहे, त्यानं कळवलं. तिनं विचारलं नव्हतं.

सगळ्या रस्त्यानं ती मोटारसायकलवर त्याच्या मागे चौकट छातीशी धरून बसली होती, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. ठिपके तिनं मऊ कुंचल्यानं जमतील तेवढे काढले होते. काही गेले. काही कागदात उतरले होते, ते राहिले. दोन्हीकडे कपाशी ओलीनं पिवळी पडलेली, तिच्या ओळींत पाणी साचलेलं. खड्डा आला की शाम हळू करायचा आणि मान किंचित मागं वळवायचा. विचारायचा काहीच नाही. तिनं एका हातानं त्याच्या शर्टाचा खांदा धरला. खड्ड्यांमुळेच.

मथुराबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. नयननं चौकट त्यांच्या हातात देण्याआधीच सगळं सांगून टाकलं. फोटो सुटला, पण वाळताना ओल लागली, खाली डाग पडले, चूक माझी. आणि शाम तिचं बोलणं तोडतच म्हणाला की नाही, चूक यांची नाही, माही हाय, आणि कूलरपासून सगळं सांगायला लागला. मथुराबाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. त्यांनी चष्मा पदरानं पुसला, चौकट उजेडाकडे धरली.

मग ती अगदी डोळ्यांजवळ आणली.

"हसून राह्यली ना ही," त्या म्हणाल्या. "माह्या ध्यानातच नव्हतं. मले वाटे, रागानं उभी असन. त्या दिवशी मी मारलं होतं तिले." त्यांचं बोट फोटोवरून खाली सरकलं आणि परकराच्या काठाशी थांबलं. "हे पाहा. मुरमुरे सांडवले होते तिनं. सगळे. म्हणून मारलं. हे पाहा, इथं पडले आहेत..."

पांढऱ्या ठिपक्यांवर त्यांचं बोट होतं.

शामनं तोंड उघडलं. तो खरं सांगणारा माणूस होता, त्यानं पुन्हा सांगितलंच असतं. नयननं ओढणीआडून हात लांब केला आणि त्याचं मनगट धरलं. घट्ट. दोघांना सांगायचं ते सांगून झालं होतं. आता त्या बाईंचं त्यांच्या बहिणीशी काही चाललं होतं, आणि तिथं दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. शामनं तिच्या हाताकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मथुराबाई फोटोकडे बघत आपल्याच नादात हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नयनला मनगट सोडायचं सुचलं नाही.

परतताना पावसानं गाठलं. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती, त्यांनी तिथं गाडी लावली. बाकावर दोघं, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. चहा आला. शामनं एक घोट घेतला.

मग म्हणाला की त्यानं दुसरी खोली पाहिली आहे. बाजार समितीकडे. तिकडं खिडकी मोठी आहे, कूलर बाहेरून लावता येईल. तुम्हालेही बरं, काही भीती नाही. महिना संपला की जाईन म्हणतो.

नयनच्या हातातला कप तसाच राहिला. इतके दिवस तो टिनाखाली भाजून निघाला, घामोळ्यांनी सोलून निघाला, आणि आता, आजच, या घटकेला... 

"जा मग," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणत असाल तर नाही जात."

"प्रत्येक गोष्ट मीच म्हणायची का?" तिचा आवाज चढला, टपरीवाल्यानं वळून पाहिलं, तिनं तो मुद्दाम खाली आणला. "कूलर पाठवून दिला तेव्हा विचारलं होतं मले? पत्रा मारला तेव्हा विचारलं होतं? रोज उठून चुना घेऊन येतो, तुरीचं मशीन घेऊन येतो, आणि जे सांगायचं ते सोडून बाकी जगाचं सांगतो. येडा हायेस का तू?"

शामनं कप बाकावर ठेवला.

"'तू' म्हटलं," शाम हळूच म्हणाला.

"रागात म्हटलं."

"मंग रागातच राहा." तो आता तिच्याकडे पाहत होता, आणि हसत नव्हता. "मी भ्यायलो होतो नयन. पहिल्याच दिवशी आवडली होती तू, पण तुले माह्यापासून नुसता तरास. पाणी मागून नेलं, फोटो खराब केला... म्हटलं दूर गेलो तर तुहं काम तरी नीट चालन."

"काम नीटच चाललंय," ती म्हणाली. "मशीन बंद होते आता दुपारी, आणि खोलीत इतकं शांत होते की मले तुहा आवाज ऐकू येत नाही म्हणून मी... मले जमत नाही ते. समजलं?"

तो मधल्या जागेत सरकून बसला. त्याचा ओला खांदा तिच्या खांद्याला लागला आणि तिनं आपला काढून घेतला नाही. फुलसावंगीला सदाशिवरावांना हे सांगायचं म्हणजे काय होईल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तांड्यावरचा मुलगा, हे दोनच शब्द पुरे होते. ते सोपं जाणार नव्हतं. त्याचंही तिकडं सोपं नसणार. पण ते घरी गेल्यावरचं होतं.

त्याचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. नयन झटकन बाजूला व्हायला लागली, पण त्यानं फोन घेतलासुद्धा. पडद्यावर एक बाई चुलीपाशी बसलेली होती, कपाळापर्यंत ओढणी, हातात पीठ. त्याची याडी, रामीबाई. गोरबोलीत, म्हणजे तांड्यावरच्या भाषेत, त्यांनी भराभर काहीतरी विचारलं, मग थांबल्या. डोळे बारीक करून पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या ओल्या वेणीकडे बघायला लागल्या.

"कुण छ?" त्या म्हणाल्या.

"विचारते, कोण आहे," शामनं नयनला सांगितलं.

नयननं सुस्कारा सोडला. हा माणूस आयुष्यभर बोलायची पाळी तिच्यावरच ढकलणार होता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं ओलं तोंड ओढणीनं पुसलं, केस कानामागे घेतले आणि नीट, पडद्याच्या मध्ये दिसेल अशी बसली.

"सांग ना मग," ती म्हणाली. "कोण आहे ते."

शामनं सांगितलं. बरंच सांगितलं, अडखळत, मध्येच थांबत, एकदा कान लाल होऊन खाली बघत. नयनला त्यातला एक शब्द कळला नाही. पलीकडे रामीबाईंचा पिठाचा हात हळूच तोंडावर गेला, आणि हाताआडून त्या हसल्या.

नयननं अर्थ विचारला नाही. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "नमस्कार याडी."